दंगा कुणाचा, भरपाई कुणाची?

मागच्या अंकात मी अमेरिकन कॉलेजांतल्या ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे मुलांच्या मंडळ्यांवरच्या, सिनेमांवर लिहिलं होतं. बिअरची पिंपं, शिडी लावून मुलींच्या खिडकीत डोकावणं, डीनच्या नाकावर टिच्चून घातलेला धुडगूस, असा तो सगळा आचरट मामला. त्यात कोण दिसतं, कोण दिसत नाही आणि जो दिसतो तो कशासाठी दिसतो, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून. त्यातली पाच इथे घेते. नावं छापत नाही, गावं मात्र खरी आहेत.

प्रश्न : ताई, मी नेरुळला हॉस्टेलवर राहतो, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख वाचून आम्ही सहा जणांनी रूमवर ‘अ‍ॅनिमल हाउस’ लावला. हसून हसून पुरेवाट झाली. पण सुरुवातीला नव्या मुलांना कोपऱ्यात नेऊन बसवतात तो सीन आला, तेव्हा आमचा नांदेडचा मित्र म्हणाला, “आपण असतो तर आपल्यालाही तिथंच बसवलं असतं.” त्यावर वाद पेटला. बाकीचे म्हणतात, कॉमेडी आहे, डोकी कसली मोजता? तो म्हणतो, मी डोकी मोजत नाही, मला बरं वाटलं नाही. मी मध्ये अडकलोय. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : तुमच्या मित्राने पावणेदोन तासांच्या सिनेमातलं नेमकं दृश्य पकडलं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी ते सांगते.

सिनेमा १९७८चा, गोष्ट १९६२ची, फेबर नावाच्या काल्पनिक कॉलेजातली. तिकडे मुलांच्या मंडळ्या असतात, ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या, आणि मंडळीचं स्वतःचं घर असतं. नव्या मुलांनी घरोघरी जाऊन तोंड दाखवायचं, कुणाला आत घ्यायचं ते जुन्यांनी ठरवायचं. लॅरी आणि केंट ही दोन बावरलेली पोरं श्रीमंतांच्या ओमेगा घरात जातात. दारात हसून स्वागत होतं, हात मिळवले जातात, आणि गोड बोलत बोलत त्यांना एका कोपऱ्याकडे वळवलं जातं. तिथे चौघे आधीच बसलेले आहेत. ओळख करून दिली जाते : मोहम्मद, जगदीश, सिडनी, क्लेटन. दोघे परदेशी, एक आंधळा, एक चाकाच्या खुर्चीत. केंट उठून गर्दीत मिसळायला बघतो, तर त्याला पुन्हा तिथेच आणून सोडतात.

हसू ओमेगावाल्यांच्या ढोंगावर आहे, आणि तिथवर दिग्दर्शक जॉन लँडिसचा नेम अचूक आहे. पण पुढे बघा. लॅरी आणि केंट तिथून निघून डेल्टाच्या मोडक्या घरात जातात आणि तिथे त्यांना घेतलं जातं. जगदीशचं काय? डेल्टा हे तर ओवाळून टाकलेल्यांचं घर. त्या घरात तो कुठेच नाही. आंधळा मुलगा नाही, खुर्चीतला नाही. एकही काळा मुलगा नाही. काळी माणसं त्या घरात येतात ती टोगा पार्टीत, म्हणजे चादरी गुंडाळून केलेल्या पार्टीत, गाणं म्हणायला. ओटिस डे आणि त्याचा बँड घर दणाणून सोडतो आणि गाणं संपलं की निघून जातो.

पुढे डेल्टाची पोरं त्याच ओटिसला ऐकायला गावाबाहेरच्या एका क्लबात जातात. सोबत थाप मारून आणलेल्या मुली. दार उघडतं, आत सगळे काळे, सगळे थबकून ह्यांच्याकडे बघतात. एक पोरगा जुनी दोस्ती असल्यासारखी ओटिसला हाक मारतो. ओटिसच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नाही. मग धिप्पाड माणसं टेबलाशी येऊन उभी राहतात : तुमच्या मुलींबरोबर आम्ही नाचलो तर चालेल ना? पोरं धूम ठोकतात, मुलींना तिथेच टाकून.

ह्या दृश्यावर तिकडे अजून वाद आहे. काही म्हणतात, पोरांच्या खोट्या सलगीची ही फजिती आहे. हे मला अर्धं पटतं. उरलेलं अर्धं असं की हशा पिकतो तो काळ्या माणसाच्या भीतीवर, आणि त्या टेबलाशी आलेल्या माणसांना सिनेमाने नावसुद्धा दिलेलं नाही. मुलींचा विचार तर कुणीच करत नाही. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच १९६२च्या सप्टेंबरअखेर मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ ह्या पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला दाखल करून घ्यायला केंद्र सरकारला सैन्य पाठवावं लागलं होतं. तिथल्या दंगलीत दोन माणसं मेली. एका काळ्या मुलाला वर्गात बसायला सैन्य लागत होतं त्याच दिवसांत डेल्टाची पोरं घोडा डीनच्या ऑफिसात नेत होती.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून राहिला तो शेवट. पोरं गावाची मिरवणूक उधळून लावतात, सगळा विचका करतात. मग एकेकाचं चित्र थांबतं आणि पुढे त्याचं काय झालं ते पडद्यावर उमटतं. ब्लूटो, जो शून्य गुण मिळवून सात वर्षं कॉलेजात पडून होता, तो सेनेटर झालेला असतो. हशा होतो. ठाण्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवताना मी मुलांना नेहमी हेच विचारायला लावलं : दंगा कोण करतो आणि त्याची भरपाई कोण करतो? ब्लूटोला माफी आहे. तो काहीही करो, जग त्याला सांभाळून घेणार, हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तर तो इतका मोकळा हसतो. ओटिसने त्या मिरवणुकीत एक काच फोडली असती तर त्याच्या चित्राखाली काय उमटलं असतं?

आपल्याकडे ‘सैराट’चा पहिला अर्धा भाग आठवा. कॉलेज आहे, मित्रांची टवाळी आहे, चिठ्ठ्या आहेत, विहिरीवरचा पोरकटपणा आहे. सगळं थिएटर हसत असतं. पाटलाचा मुलगा भर वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो आणि त्याचं काही बिघडत नाही. परशाने प्रेम केलं, त्याची भरपाई कशी झाली ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. दोघं एकाच कॉलेजात, एकाच वयाचे.

आता तुमच्या बाकीच्या मित्रांचं म्हणणं. डोकी मोजू नयेत, हे मलाही मान्य आहे, कारण डोकी भरली म्हणजे काम झालं असं होत नाही. १९८४च्या ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’मध्ये, म्हणजे पुस्तकी किडे म्हणून हिणवलेल्या मुलांच्या सिनेमात, डोकी बघितली तर सगळी भरलेली आहेत. काळा आणि समलिंगी लमार आहे, जपानी ताकाशी आहे, नायकांना आसरा देणारी देशभर पसरलेली फ्रॅटर्निटी तर काळ्यांचीच आहे. पण ताकाशी तोडकं इंग्रजी बोलण्यापुरता. ते काम करणारा ब्रायन तोची लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, इंग्रजी त्याची घरची भाषा. लमार कमरेत लचकून भाला फेकतो तेव्हा लोकांनी हसावं म्हणून आहे. आणि काळ्या मंडळीचे धट्टेकट्टे सभासद शेवटी येतात ते गोऱ्या मुलांचं भाषण नीट पार पडावं म्हणून पहारा द्यायला.

मित्रांना सांगा, मोजणी सोडून द्या आणि एक करा. सिनेमातला प्रत्येक माणूस घ्या आणि ह्याला चूक करून परत घरात यायची सोय आहे का, ते बघा. नांदेडच्या मित्राला बरं वाटलं नाही, कारण त्याने नेमकं तेच पाहिलं. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला विचारा, अजून काय दिसलं.

प्रश्न : मी नौपाड्यात राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला वाचक आहे. मॅडम, तुमच्यासारख्या प्राध्यापिकेने असल्या गलिच्छ सिनेमांवर पानं खर्ची घालावीत ह्याचं वाईट वाटलं. घाणीत कुणाला किती जागा मिळाली ह्याची चर्चा कशाला? घाण झाडून टाकावी.

उत्तर : काका, तुमचा राग मी समजू शकते. पण आचरट विनोद म्हणजे घाण, हे मी मानणार नाही, आणि महाराष्ट्रात राहून तर मुळीच नाही.

आपला तमाशा आठवा. गणानंतर गौळण येते, त्यात मावशी आणि पेंद्या, आणि मग वगातला सोंगाड्या. तो राजाला तोंडावर बोलतो, पाटलाची धोतर सुटेपर्यंत फजिती करतो, सावकाराला गाढव म्हणतो. चावट बोलतो, अचकट-विचकट हातवारे करतो. हा फड उभा राहिला महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांच्या जिवावर. दिवसा ज्याने पाटलाच्या वाड्याबाहेर थांबायचं, त्याने रात्री दिवट्यांच्या उजेडात पाटलाला हसायचं. ही त्या चावटपणाची ताकद होती. (त्याच फडांत बायकांचं शोषण झालं, हे मी विसरत नाही, त्यावर वेगळं लिहायला हवं.) दादा कोंडके गिरणगावातून आले. लोंबती नाडी, ढगळ अर्धी चड्डी आणि बावळट चेहरा घेऊन त्यांचा नायक श्रीमंताला पुरून उरायचा, आणि गिरणीतून सुटलेला माणूस तिकिटासाठी रांग लावायचा. सलग नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाला, त्याची गिनीज बुकात नोंद आहे.

अमेरिकन कॉलेज सिनेमात हीच गोष्ट उलटी झालेली दिसते, म्हणून मला त्यावर लिहावंसं वाटतं. ‘अ‍ॅनिमल हाउस’ लिहिणाऱ्या तिघांत डग्लस केनी हार्वर्डचा, ख्रिस मिलर डार्टमथचा, आणि मिलरने आपल्याच फ्रॅटर्निटीतले किस्से त्यात घातले. म्हणजे सोंगाड्याचं सोंग वाड्यातल्या मुलाने घेतलं. सुमारे ३० लाख डॉलर खर्चून काढलेला तो सिनेमा अमेरिकेत १४ कोटींच्या वर कमावून गेला, आणि पुढची चाळीस वर्षं त्याच साच्यातून सिनेमे पडत राहिले. २००१ साली तो तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी निवडला गेला. झाडून टाकायची वस्तू असती तर एव्हाना गेली असती. काका, तुमची नातवंडं तो मोबाइलवर बघतच असतील. ती काय बघतात ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

प्रश्न : मी वाशीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मुलांनी गोंधळ घातला तर वय आहे, मुलींनी घातला तर संस्कार काढतात, हे मी रोज बघते. मुलींचा धुडगूस दाखवणारे सिनेमे आहेत का? आणि ते बरे आहेत का?

उत्तर : आहेत, थोडे. २०१६च्या ‘नेबर्स २’मध्ये फार चांगली नस सापडली आहे. अमेरिकेत मुलींच्या मंडळ्यांना, म्हणजे सोरोरिटींना, स्वतःच्या घरात दारूची पार्टी करता येत नाही, त्यांच्या बहुतेक राष्ट्रीय संघटनांचा तसा नियम आहे. मुलांच्या बहुतेक घरांना तो नाही. मग होतं काय, की पार्टी नेहमी मुलांच्या घरी, त्यांच्या दारूवर, त्यांच्या जिन्याखाली. निघायचं कधी, कुणाबरोबर, हे मुलींच्या हातात राहत नाही. सिनेमातल्या मुली म्हणतात, आम्हाला आमचं घर हवं, आम्ही आमच्या घरात गोंधळ घालू. मला हे फार मोलाचं वाटलं. मात्र श्रेयनामावलीत लेखक म्हणून पाच नावं आहेत आणि पाचही पुरुषांची. ते काही ठिकाणी जाणवतं.

मराठीत ‘बॉईज’चे २०१७ ते २०२३ मध्ये चार भाग निघाले. त्याच दिग्दर्शकाचा ‘गर्ल्स’ २०१९ला आला, तो एकच.

तुमच्या विद्यार्थ्यांशी बोलायला एक जागा सुचवते. ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’चा नायक मुखवटा घालून एका मुलीला तिचा मित्र असल्याचं भासवतो आणि तिच्याशी संबंध ठेवतो. सिनेमा ह्याला नायकाचा विजय म्हणतो आणि ती मुलगी खूश होते. माझ्या लेखी हा बलात्कार आहे. आणि आपल्याकडे २००९च्या ‘थ्री इडियट्स’मधलं भाषण. हिंदी नीट न येणाऱ्या मुलाच्या कागदावर शब्द बदलले जातात आणि सगळं सभागृह ‘बलात्कार’ ह्या शब्दावर लोळण घेतं. मुलांना विचारा, त्या सभागृहात बसलेल्या मुली कुठे आहेत, कॅमेरा त्यांच्याकडे किती वेळ थांबतो. उत्तर देऊ नका, सिनेमा पुन्हा लावा आणि त्यांनाच शोधू द्या.

प्रश्न : ताई, आम्ही कळव्याला राहतो. मुलाला बाहेरगावी इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. घरातला हॉस्टेलवर गेलेला हा पहिलाच. फोनवर सांगतो की सीनिअर ‘इंट्रो’ घेतात, आडनाव विचारतात, मग सीईटीचा रँक विचारतात, मग हसतात. मी काळजी करते तर म्हणतो, आई, सिनेमात दाखवतात तसंच असतं, नंतर सगळे दोस्त होतात. खरंच तसं असतं का?

उत्तर : नाही. मी तुम्हाला स्पष्ट सांगते, कारण तुम्ही आई आहात आणि वेळेवर विचारलंत.

सिनेमाने हे फार गोड करून ठेवलं आहे. ‘अ‍ॅनिमल हाउस’मध्येच केविन बेकन, त्याचा तो पहिला सिनेमा, अंतर्वस्त्रावर ओणवा उभा आहे, मागून फळीचा फटका बसतो आणि दर फटक्याला तो म्हणतो, धन्यवाद साहेब, अजून एक मिळेल का? जवळजवळ पन्नास वर्षं लोक हे वाक्य गमतीने म्हणतात. दृश्य संपतं, मुलगा सरळ उभा राहतो, आणि पुढे त्या फटक्यांचं नाव निघत नाही. हॉस्टेलवर दृश्य संपत नाही, रात्री परत त्याच मजल्यावर झोपायचं असतं. कॉलेज सिनेमांमुळेच पुढे नाव झालेल्या टॉड फिलिप्सने १९९८ साली सहकाऱ्याबरोबर फ्रॅटर्निटीतल्या छळावर माहितीपट केला होता. त्याला सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला, पण ज्या वाहिनीसाठी केला तिने तो दाखवला नाही. त्याच माणसाचा २००३चा विनोदी ‘ओल्ड स्कूल’ मात्र जगभर पोचला.

आणि आडनावानंतर रँक विचारतात, ह्याचा अर्थ तुम्हाला कळला आहे, म्हणूनच तुम्ही लिहिलंत. तो मुलगा कुठल्या जागेवरून आला, राखीव की खुल्या, हे काढून घ्यायचा तो रस्ता आहे. आपल्या हॉस्टेल-सिनेमांत सगळं असतं, मेसचं पातळ वरण, नापास होणं, टोपणनावं. हा प्रश्न मात्र मला कुठे ऐकल्याचं आठवत नाही. जो मुलगा रोज ह्या प्रश्नाला सामोरा जातो, त्याला त्या सिनेमात आपली खोलीच सापडत नाही. मग तो स्वतःलाच समजावतो की हे सिनेमासारखंच आहे.

आता कामाचं. महाराष्ट्रात रॅगिंगबंदी कायदा १९९९चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. लेखी तक्रार आली की कॉलेजप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २००९चे नियम देशभर लागू आहेत, आणि जातीवरून भेदभाव करण्याविरुद्ध २०१२चे वेगळे नियम झाले. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. मुलाला आधी विश्वासात घ्या, तो नको म्हणाला तर लगेच त्याच्या पाठीमागे धावाधाव करू नका. त्याला एवढंच सांगा की इंट्रोला कधी, कुठे, कोण होतं ते फोनमध्ये लिहून ठेव. लिहिलेलं हाताशी असलं की मुलांना धीर येतो, हे मी कॉलेजच्या समितीवर असताना जवळून पाहिलं आहे. पण मार, पैसे, रात्री उठवून नेणं, कपडे उतरवणं, ह्यातलं काहीही कानावर आलं तर वाट बघू नका, तुम्ही स्वतः फोन करा.

प्रश्न : ताई, मी घणसोली गावातली, आगरी आहे. वाशीला कॉलेजात जाते, फेस्टिव्हलच्या स्किटमध्ये काम करते. मला अभिनय आवडतो आणि विनोद जमतो असं सगळे म्हणतात. पण दर वर्षी मला एकच रोल : अंगभर सोनं घातलेली, मोठ्याने बोलणारी आगरी मावशी. ह्या वर्षी कॉलेज-गँगवर धमाल स्किट आहे. गँगमध्ये पाच मुलं, दोन मुली, सगळे ‘कूल’. आणि मी त्यांची चहावाली मावशी. लिहिणारा नेरुळचा मित्र आहे, चांगला आहे. मी म्हटलं मला गँगमध्ये घे, तर म्हणाला, “अगं तुझ्यासारखी भाषा दुसऱ्या कुणाला जमणार?” नाही म्हणू का?

उत्तर : तुझं पत्र मी परत परत वाचलं. तुला ‘तू’ म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस.

हे सोंग मला चांगलं ओळखीचं आहे. गडकरी रंगायतनात, भावे नाट्यगृहात, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये मी ते पाहत आले. रंगमंचावर कुणी ‘गाडी’ची ‘गारी’ केली, ‘मला’चं ‘मना’ केलं, की पहिल्या रांगेपासून हशा. वाक्यात विनोद असो नसो. नंतर गळ्यातली साखळी दोन बोटांनी उचलून दाखवायची, की दुसरा हशा. ती मावशी कुठून आली, तिच्या अंगावर सोनं का, हे स्किटला नको असतं.

ते तुला ठाऊक आहे, पण त्या मित्राला ठाऊक असेलच असं नाही. १९७० साली सिडको झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली. जमिनीच्या योग्य भावासाठी जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक जासईला रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा निर्णय झाला. तुझं कॉलेज, त्या मित्राचं नेरुळचं घर, जिथे स्किट होणार ते सभागृह, हे सगळं ह्याच जमिनीवर आहे. तुम्ही त्या शहराचे मूळ मालक, आणि स्किटमध्ये तुमची जागा चहाच्या टपरीवर.

आता कॅल पेनची गोष्ट सांगते. न्यू जर्सीत वाढलेला गुजराती घरातला मुलगा, खरं नाव कल्पेन मोदी. २००२च्या ‘व्हॅन वाइल्डर’ ह्या कॉलेज-धुडगूस सिनेमात त्याला रोल मिळाला, भारतातून आलेल्या विद्यार्थ्याचा. पात्राचं नाव ताजमहाल बदलंदाबाद. ते नाव ऐकूनच ऑडिशनला जायची त्याची इच्छा नव्हती, हे त्याने पुढे सांगितलं आहे. त्याने रोल केला, मागितला तसा उच्चार काढला. ‘थ्री इडियट्स’मध्ये ते भाषण करणारा आपला ओमी वैद्यही कॅलिफोर्नियात जन्मलेला मराठी मुलगा, तोही प्रसिद्ध झाला तो तोडक्या हिंदीवर. मी ह्या दोघांना दोष देत नाही. दार तेवढंच उघडं होतं, ते त्यातून आत गेले.

पण कॅल पेनचं पुढचं बघ. दोनच वर्षांत, २००४ला, ‘हॅरॉल्ड अँड कुमार’ आला. कुमार हा डॉक्टर घरातला मुलगा, मेडिकलच्या मुलाखती मुद्दाम बिघडवतो, गांजा ओढतो, आणि मित्राबरोबर रात्रभर बर्गर शोधत फिरतो. बस्स, एवढीच गोष्ट. त्याच्या उच्चारावर सिनेमा हसत नाही. तो आळशी आहे, खोडकर आहे, चुका करतो, आणि सकाळी त्याला माफी आहे. तिथल्या भारतीय मुलांना हा सिनेमा इतका का आवडला असेल? आदर्श, हुशार, सोसणारा भारतीय त्यांनी पाहिला होता. बिनकामाचा, मजेत असलेला भारतीय इथे नायक झाला. लिहिणारे दोघे गोरेच होते, म्हणजे तुझ्या नेरुळच्या मित्रालाही हे जमू शकतं. (मुलींच्या बाबतीत तो सिनेमाही जुन्याच वळणाचा आहे, ते तुला दिसेलच.)

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : चहावाली मावशी नाकार, स्किट नाकारू नकोस. मित्राला सांग, मी गँगमध्ये हवी, आणि माझी भाषा घेऊनच हवी. गँगमधली मुलगी आगरी बोलेल. बोलण्यावर कुणी हसणार नाही, ती जे बोलेल त्यावर हसतील. तिला लेक्चर बुडवू दे, परीक्षेच्या आदल्या रात्री हळदीत नाचू दे, प्राचार्यांच्या गाडीची हवा सोडू दे आणि पकडलं गेल्यावर सराईत थाप मारू दे. सोनं हवंच असेल तर आजीचं घालून ये आणि आजी काय म्हणाली ते सांग. विनोद तुला जमतो म्हणतेस ना, मग तुझे संवाद तूच लिही, त्याच्याकडे सोपवू नकोस. रिहर्सलला बघ : तुझ्या एन्ट्रीला हशा येतो की तुझ्या वाक्याला. एन्ट्रीला आला, तर ते वाक्य अजून तयार नाही, पुन्हा लिही.

मित्र चांगला आहे म्हणतेस, माझा त्यावर विश्वास आहे. चहाच्या टपरीवरचा रोल रिकामा राहील, तो त्याला स्वतःला करायला सांग, त्याच्याच नेरुळच्या भाषेत.